निघालेल्या माणसाला विचारू नये

घर भाड्यानं घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमचे घरमालक पायात चपला सरकवून फाटकाकडे निघाले होते आणि मी जिना उतरत होतो. नवा भाडेकरू, दोन शब्द गोड बोलावेत म्हणून मी विचारलं, "काय काका, कुठं निघालात?"

ते थांबले. माझ्याकडे बघितलंही नाही. वळले, चपला काढल्या, आत गेले, खुर्चीवर बसले, काकूंकडे पाणी मागितलं, ते सावकाश प्यायले आणि पाचेक मिनिटांनी पुन्हा चपला घालून बाहेर आले. मी तिथंच उभा होतो. जाता जाता म्हणाले, "निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये. घरी शिकवलं नाय का?"

शिकवलं होतं. माझ्या आईलाही 'कुठं' चालत नसे, 'दूर का?' असं विचार म्हणायची. पण आई अपशकुनाला भ्यायची. काका शकुनबिकुन काही मानत नव्हते. मांजर आडवं गेलं तर "जा बाई, तुझं काम आधी" म्हणून तिला वाट देणारा माणूस. त्यांनी ती जुनी रीत उचलली होती ती निव्वळ आपल्या सोयीसाठी. कोण कुठं जातो ते ज्याचं त्याला ठाऊक असावं, एवढाच त्यांचा धर्म होता आणि तो ते फार कडक पाळत.

सिडकोतल्या त्या घरात मी वरच्या मजल्यावर चार वर्षं काढली. वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो, पाळीची नोकरी, सुट्टी गुरुवारी. काकांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "ओ वरचे!" म्हणून ओरडायचे. चारचौघांत माणसाचं नाव कशाला घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. फाटकावरच्या पाटीवर घराचा नंबर होता, नाव नव्हतं. टपालवाला एकदा म्हणाला, "नाव तरी टाका साहेब." तर म्हणाले, "तुला ठाव हाय, मला ठाव हाय. तिसऱ्याला कशापायी पायजे?" आमच्या दारावर टकटक केली की ते दाराकडे पाठ करून उभे राहायचे. दार उघडल्यावर आतलं काही नजरेला पडू नये म्हणून. तुम्ही त्यांच्या पाठीशी बोलायचं आणि पाठीनं उत्तर द्यायचं, अशी आमची बरीच बोलणी झाली.

एकदा आम्ही दोघं एका मोठ्या दुकानात साबण-तेल घेऊन बिलाच्या रांगेत होतो. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "सर, मोबाइल नंबर?"

"कामून?"

"सिस्टीमला लागतो सर."

"बाई, मी साबण घ्यायला आलो. सोयरीक जमवायला नाय."

रांग हसली, मुलगी गोरीमोरी झाली आणि भांडण मिटावं म्हणून मी माझा नंबर सांगून टाकला. ही माझी चूक. वरच्यांचा नंबर दिला तरी काम भागतं, हे काकांच्या त्याच वेळी ध्यानात आलं असणार.

आता हे खूळ आलं कुठून, तर नोकरीतून. काका टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, त्यातली बरीच वर्षं पाचोडला. त्या काळी परगावी फोन लावायचा तर आधी नोंदवायचा, मग ऑपरेटर लाइन जोडून द्यायचा आणि आवाज नीट जातोय ना हे पाहायला मधूनमधून स्वतः कान लावायचा. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाचा भाऊ रुसला, कुणाच्या पोरानं मुंबईत परस्पर लग्न लावलं, सगळं या कानातून जायचं. "अख्खं पाचोड हितनं गेलं बगा," ते उजव्या कानाला हात लावून सांगायचे. मग कुठं आहे ते सगळं, असं विचारलं की म्हणायचे, "हितंच हाय. भाईर नाय आलं." कधी रंगात आले की सुरुवात करायचे, "पाचोडला एकदा एक जमलेलं लगीन..." आणि गप्प.

"पुढं काय झालं काका?"

"पुढं लाइन कट."

काकू याच्या बरोबर उलट. भाजीवाल्याच्या सुनेला कितवा महिना आहे इथपासून गॅसवाल्याच्या मेव्हण्याच्या बदलीपर्यंत त्यांना सगळं माहीत. साऱ्या गल्लीची चौकशी करायच्या, फक्त नवऱ्याची करायच्या नाहीत. संसार टिकवायचा तर एवढं सोडावं लागलं, असं त्या हसून सांगायच्या. गुरुवारी चार वाजले की काका धुतलेला सदरा घालून स्कूटर काढायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. गुरुवार म्हणजे दत्ताचा वार. तेव्हा हे दत्ताला जातात, असं काकूंनी आपलं आपण ठरवलं आणि गल्लीलाही सांगून टाकलं. काकांनी कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

आणि मग शहरात चौकाचौकात कॅमेरे आले. गाडीचा नंबर टिपायचे, हेल्मेट नसलं की टिपायचे, सिग्नल तोडला की टिपायचे. काकांनी त्या खांबांचं नाव 'चुगलखोर' ठेवलं. कोणत्या चौकात चुगलखोर उभा आहे, त्याचं तोंड कुणीकडे आहे, हे त्यांना तोंडपाठ. तो टाळून जायला गल्ली नसली तर ते चौकाच्या अलीकडे स्कूटर बंद करून उतरायचे आणि ढकलत पलीकडे न्यायचे. "ढकलणारा मानूस वाहनचालक नसतो, पादचारी असतो," हा त्यांचा कायदा. एकदा एका वाहतूक पोलिसाला दया आली. पेट्रोल संपलं असं समजून त्यानं मागून धक्का दिला आणि पंपापर्यंत ढकलत नेलं. खाली बघत, एक अक्षर न बोलता काका गेले. भरलेल्या टाकीत आणखी पेट्रोल काय घालणार! तरी पंपावर झाकण उघडून दाखवावं लागलंच.

मी त्यांना डिवचायचो. "काका, लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला? चोर सापडतात त्यानं."

"तुम्ही आंघुळीला जाता तवा कडी लावता?"

"लावतो."

"आत काय चोरी करता का?" मग म्हणाले, "चोर धरा की. म्या कुठं नाय म्हणतो? पण येनाऱ्या-जानाऱ्या समद्यांचं टिपण कशाला? आमी बी ऐकायचो, पण आमाला लाज व्हती. बोलता बोलता कुणी रडाया लागलं की आमी कान काढून घ्यायचो. ह्या खांबाला कोण शिकवील?"

मी हसलो. त्या वयात अडलं की मी हसायचो.

पुढं त्यांची जुनी स्कूटर साफ बसली आणि नवी घेणं आलं. एका दुपारी मी कारखान्यात असताना त्यांचा फोन आला. "ओ वरचे, तुमच्या मोबाइलवर काय आकडे आले असतील. वाचून दाखवा." मशीनच्या आवाजात मला धड ऐकूही येत नव्हतं. मी आकडे वाचले. संध्याकाळी कळलं की नव्या स्कूटरच्या कागदांवर मालकाचा मोबाइल नंबर म्हणून माझा नंबर लागला आहे.

"काका, मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाय म्हणला असता." त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "माझा नंबर सरकारदरबारी कशाला? तुमचा तसा बी समद्या दुकानांत हायच."

एवढा सावध माणूस, पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही. नंबर माझा, म्हणजे खांबानं केलेली चुगली आधी माझ्याच खिशात येणार. माझ्याही डोक्यात आली नव्हती. आली ती एका शनिवारी, कँटीनमध्ये जेवताना. मेसेज आला, उघडला, तर फोटोत काका! हेल्मेट नाही, मान खाली, धुतलेला सदरा, नंबराभोवती लाल चौकट. खाली वार, वेळ आणि जागा: गुरुवार, पाच वाजायला आलेले, शहागंज. खांब नवा होता, काकांच्या पाठात बसला नव्हता.

मी इतका हसलो की शेजारच्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. आणि त्याच हसण्याच्या भरात तो फोटो आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'अखेर चुगलखोरानं गाठलंच!' काका त्या ग्रुपवर नव्हते. काकूही नव्हत्या. पण शेजारच्या वहिनी होत्या आणि त्यांनी आपला फोन तसाच उचलून काकूंच्या स्वयंपाकघरात नेला.

संध्याकाळी घरी आलो तर खालून रेडिओ नाही, भांड्यांचा आवाज नाही. वहिनींनीच फाटकात गाठून सांगितलं. काकूंनी फोटो बघितला, जागा वाचली आणि काकांना विचारलं, "दत्ताचं देऊळ शहागंजात कवापासनं हाय?" काका गप्प. "कोन ऱ्हातं तिथं?" काका गप्प. "बाई हाय का कुनी?" तेव्हा काका म्हणाले, "सांगनार नाय." यापेक्षा वाईट उत्तर त्या प्रश्नाला असूच शकत नाही. काकूंनी ताट वाढलं, पण बोलणं बंद केलं. अख्खी गल्ली ज्यांच्या तोंडाला कंटाळायची, त्या काकू गप्प झाल्या.

आठच्या सुमारास माझ्या दारावर टकटक झाली. उघडलं तर पाठ. मी म्हटलं, "काका, चुकलं. गंमत म्हणून टाकलं हो." ते वळले आणि पहिल्यांदाच आत येऊन बसले.

"पाचोडला एकदा एक जमलेलं लगीन," ते म्हणाले, आणि या वेळी थांबले नाहीत. "पत्रिका छापायला गेल्या व्हत्या. पोरीच्या मामाचा बीडहून फोन आला. पोरीला लहानपणी फिट यायच्या, गोळ्या चालू हायत का, एवढंच इचारलं त्यानं. म्या ऐकलं. सांजच्याला चहा पिता पिता एका दोस्ताला बोललो. मनात वाईट नव्हतं. आपलं बोलायला काय तरी. आठ दिसांत लगीन मोडलं. कुनामुळं ते कुनालाच ठाव नाय. पोरीचा बाप त्याच्या पुढं बी फोन नोंदवाया यायचा. मला रोज रामराम घालायचा."

मला फार लाज वाटली, आणि ती लाज मला आजही वाटते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण रागावायला आलेच नव्हते. उठले आणि म्हणाले, "तुमाला कळावं म्हणून सांगितलं. तुमच्या हाती बी आता लाइन हाय."

पुढचे तीन गुरुवार ते गेले नाहीत. चार वाजता सदरा बदलायचे, हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीत बसायचे, आणि सहाला सदरा काढून ठेवायचे. जिना उतरताना मला ते त्यांच्या खिडकीतून दिसायचं. काकूंनाही दिसत होतं. एवढं होऊनही हे सांगत का नाहीत, या विचारानं त्या आणखीच कष्टी व्हायच्या. मोडलं होतं मी, म्हणून चौथ्या गुरुवारी मीच खाली गेलो. "चला काका, माझ्या गाडीवर. कुठं ते चौकात गेल्यावर सांगा."

आम्ही उंबऱ्यात असताना आतून काकू आल्या आणि इतक्या वर्षांत नवऱ्यापुढं कधी न उच्चारलेला शब्द त्यांनी उच्चारला. "कुठं?"

काका थांबले. वळले, चपला काढल्या, खुर्चीवर बसले. "पाणी," म्हणाले. काकूंनी पाणी आणून दिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण पेला नेहमीसारखा पदरानं पुसून दिला. काकांनी ते सावकाश प्यायलं. पाच मिनिटांनी ते उठले आणि येऊन माझ्यामागं बसले.

शहागंजातलं एक जुनं चहाचं हॉटेल. लाकडी बाक, भिंतीला टेकून कोपऱ्यात एक जागा. गल्ल्यावरचा म्हातारा म्हणाला, "आओ चाचा, आपकी जगह खाली हैच." बस, एवढंच. महिनाभर का आला नाहीत, बरोबर कोण आणलंय, काही नाही. नंतर कळलं, इतक्या वर्षांत त्यानं यांचं नाव, गाव, आडनाव काही विचारलेलं नव्हतं. काका सगळ्यांकडे पाठ करून बसले, बशीत चहा ओतला आणि डोळे मिटले. मी काही बोलायला गेलो तर बोट वर केलं.

मग मला कळलं. ते ऐकत होते.

आमच्या मागं एकजण फोनवर सांगत होता, "मैं तो जालना में हूँ भाई, रात तक आता," आणि मजेत खारी चहात बुडवत होता. काकांचे खांदे गदगदू लागले. त्याच्या पलीकडे दोघं भाऊ दुकानाला कोणता रंग द्यायचा यावर भांडत होते. काका मान डोलावत होते, बहुधा हिरव्याच्या बाजूनं. मग शेजारच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ मित्राला हळू आवाजात काही सांगू लागले. मुलाचं काहीतरी होतं, आवाज कापत होता. काकांनी डोळे उघडले, बशी उचलली आणि लांबच्या बाकावर जाऊन बसले.

बाहेर आल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सारी उमर लोकांचे आवाज ऐकले. रिटायर झालो आन् कान रिकामे पडले. घरात तुमच्या काकूचा आवाज हाय. गोड हाय. पण एकच हाय."

"एवढंच? मग काकूंना सांगा की! यात वाईट काय आहे?"

"वाईट असतं तर तिला इचारायचा हक्क व्हता. वाईट नाय, म्हणून तर ते माझं हाय." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "आन् सांगितलं की ती म्हणल, म्या बी येते. मंग डब्यात चिवडा. मंग त्या हॉटेलवाल्याला इचारल, बायकोचं माहेर कुठलं."

मला हसू आवरेना, कारण ते शंभर टक्के खरं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू वर आल्या. दमल्या होत्या, जिन्यानं नव्हे, महिनाभराच्या गप्प बसण्यानं. "तुमी संगट गेला व्हता. मला बाकी काय नको. एवढंच सांगा, बाई हाय का?"

आता आली का पंचाईत! सांगितलं तर काकांचं ते काकांचं राहत नाही, न सांगितलं तर ही बाई झुरत राहणार. सगळं सांगून टाकावं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. "बाई नाही काकू," मी म्हटलं. "वाईट काहीच नाही. याच्या पुढचं मात्र मला विचारू नका."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "नाय इचारत. मला तेवढंच पायजे व्हतं." खाली जाऊन त्यांनी शेजारच्या वहिनींना हाक मारली आणि तासभर बोलत उभ्या राहिल्या. पुढच्या गुरुवारी चार वाजता हेल्मेट त्यांनीच काकांच्या हातात दिलं.

दोन वर्षांनी मला पुण्यात नोकरी लागली. निघताना मी काकांना म्हणालो, "स्कूटरवरचा नंबर बदलून टाकू या. अर्ज मी भरून ठेवलाय, सही तेवढी करा." त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"असू द्या तुमचाच. लाइन कुनाच्या तरी हातून जानारच. ऑपरेटर वळखीचा असलेला बरा."

आयुष्यात मला पुष्कळ प्रशस्तिपत्रकं मिळाली, पण याच्याएवढं मोठं एकही नाही. पुढं पुण्यात अधूनमधून मेसेज यायचा, सिग्नलचा नाही तर हेल्मेटचा. मी फोटो बघायचो, दंड भरून टाकायचो आणि मेसेज पुसायचो. मेसेज आला की बरं वाटायचं, म्हातारा हिंडतोय म्हणून.

मागच्या वर्षी काका गेले. झोपेतच गेले. महिन्याभरानं त्यांच्या मुलाचा फोन आला, तो हैदराबादला असतो. स्कूटर विकायची होती आणि कागद फिरवायला लागणारे आकडे माझ्या मोबाइलवर आले होते. मी वाचून दाखवले. त्यानं लिहून घेतले, आभार मानले, आणि मग जरा चाचरत म्हणाला, "दादा, बाबा गुरुवारी कुठं जायचे हो? तुमच्याकडं तर सगळे मेसेज यायचे."

"यायचे," मी म्हटलं. "पण मी कधी नीट बघितले नाहीत रे."

पलीकडून काकूंचा आवाज आला, "दे इकडं फोन." पावलांचा आवाज झाला, एक दार लोटलेलं ऐकू आलं. मग त्या अगदी हळू बोलल्या.

"सांगितलं नाय ना त्याला?"

"नाही काकू."

"बरं केलं. मला बी सांगू नका. गुरुवारचे पाच वाजले की मला आपलं वाटतं, गेले असतील तिकडं. कळलं तर तेवढं बी ऱ्हायचं नाय."